गरम पाण्याचा झरा तपासताना

विदर्भात मे महिन्यात दुपारी नाल्यातल्या डबक्यात हात घातला तर तेही पाणी गरम लागतं. उलट डिसेंबरात पहाटे वावरातल्या विहिरीतून वाफा निघताना दिसतात. म्हणून ‘आमच्या शिवारात गरम पाण्याचा झिरा आहे’ असं कोणी सांगितलं की आधी थर्मामीटर काढायचा, रसायनांच्या बाटल्या नंतर.

आपल्याकडे जमिनीखालच्या पाण्याचं तापमान वर्षभर साधारण २७ ते २८ अंश सेल्सियस असतं. डिसेंबरातल्या पहाटे आणि मेमधल्या दुपारी, असं एकाच जागी दोनदा मोजा. दोन्ही वेळा आकडा जवळपास सारखा आला आणि तो विहिरीच्या पाण्यापेक्षा किमान पाच अंशांनी जास्त असला, तर झरा खरोखर गरम आहे. दोन आकड्यांत आठ-दहा अंशांचा फरक पडला तर ते ऊन आणि थंडी बोलते आहे, जमीन नव्हे.

तापाचा थर्मामीटर इथे चालत नाही, तो ४२ अंशांवर संपतो. प्रयोगशाळेतला ० ते १०० अंशांचा घ्या किंवा दांडीचा डिजिटल. निघण्याआधी त्याची परीक्षा करा. बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी यांच्या काल्यात तो शून्य दाखवायला हवा. उकळत्या पाण्यात आपल्या पठारावर, म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटरवर, ९९ दाखवायला हवा. झऱ्यावर वाचन करताना फुगा पाण्यातच ठेवून वाचा. बाहेर काढून डोळ्यांजवळ नेईपर्यंत दोन अंश उडालेले असतात.

खाली ज्वालामुखी नाही

सालबर्डी (मोर्शी तालुका), पैनगंगेकाठचं कापेश्वर किंवा नदीपलीकडे नांदेड जिल्ह्यातलं उनकेश्वर, कुठेही गेलात तरी दोन वाक्यं हमखास ऐकू येतात: ‘खाली ज्वालामुखी आहे’ आणि ‘हे गंधकाचं पाणी आहे’. दुसऱ्या वाक्याकडे नंतर येऊ. पहिलं चुकीचं आहे. आपला काळा पाषाण लाव्हाचाच आहे, पण तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिला. त्याची ऊब केव्हाच गेली. आज भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी अंदमानातल्या बॅरन बेटावर आहे.

मग पाणी तापतं कसं? पावसाचं पाणी भ्रंशाच्या, म्हणजे खडक तुटून सरकले त्या भेगेच्या, फटींतून खोल उतरतं. जमिनीत दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश उष्णता वाढते. दीड-दोन किलोमीटर खाली गेलेलं पाणी तापून हलकं होतं आणि दुसऱ्या फटीतून झपाट्यानं वर येतं. सालबर्डी गाविलगड भ्रंशाच्या पट्ट्यात येते ती उगीच नाही. पाणी खोल उतरायला आणि लवकर वर यायला वाट लागते, ती भ्रंशानं दिलेली असते.

लोणारचाही घोळ इथेच मिटवू. सरोवराचं पाणी १० च्या आसपास पीएचचं, म्हणजे साबणासारखं अल्कधर्मी आहे, म्हणून पुष्कळांना तिथेही ज्वालामुखी दिसतो. तो खड्डा अशनीनं पाडलेला आहे. पाण्याला बाहेर वाट नाही, ऊन ते आटवतं आणि क्षार साठत जातात, एवढंच. काठावरचे झरे गोड्या पाण्याचे आहेत.

पिशवीत काय हवं

थर्मामीटर. पीएच मीटर आणि तो लावून घ्यायला ४, ७, १० अशा ठरावीक पीएचची बफर द्रावणं. विद्युतवाहकता मोजणारा मीटर. ५० मिलिलिटरची सिरिंज आणि तिच्या तोंडाला बसणारे ०.४५ मायक्रॉनचे फिल्टर, एका झऱ्याला किमान तीन, कारण पाणी जरा गढूळ असलं की पहिला फिल्टर शंभर मिलिलिटरलाच चोंदतो. एचडीपीईच्या प्लास्टिक बाटल्या. थेंबाच्या बाटलीत प्रयोगशाळेच्या दर्जाचं नायट्रिक आम्ल. अल्कलता (पाणी किती आम्ल पचवतं ते) मोजायला ०.०२ नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल, मिथिल ऑरेंज हा रंग बदलणारा दर्शक आणि छोटं ब्युरेट, म्हणजे खुणांची तोटीवाली नळी. लेड अॅसिटेटच्या कागदपट्ट्या. एक फनेल, दहा लिटरची बादली, घड्याळ.

डिस्टिल्ड पाणी महाग वाटलं तर दुकानातलं बॅटरीचं पाणी चालेल का, हा प्रश्न नेहमी येतो. आधी वाहकतेचा मीटर त्यात बुडवून पाहा. ५ मायक्रोसिमेन्सच्या आत असेल तर बाटल्या विसळायला चालेल. काही डब्यांत ते साध्या फिल्टरच्या पाण्याएवढं खारट निघतं.

नमुना कुठून घ्यायचा

यातच सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून इथे जरा थांबू.

आपल्याकडचे गरम झरे बहुधा देवळाच्या कुंडात आहेत. कुंडात माणसं अंघोळ करतात, साबण लावतात, नारळाचं पाणी, हळद-कुंकू, फुलं सोडतात. कुंडाच्या मधोमध बाटली बुडवली की सोडियम, फॉस्फेट आणि नायट्रेट माणसांचे निघतात, जमिनीचे नव्हेत. पाणी जिथून कुंडात शिरतं ती फट शोधा. थर्मामीटर कडेकडेनं सावकाश फिरवला तर एका जागी आकडा अर्धा-एक अंश वर जातो, नमुना तिथला. बुडबुडे त्याच जागी निघत असतील तर शंकाच नको.

पुजारीबाबांना किंवा सरपंचांना आधी विचारा. ‘काका, देवाच्या पाण्याला हात लावू का? दोन बाटल्या न्यायच्या आहेत,’ एवढं म्हटलं की बहुतेक वेळा तेच आत उतरून खरा उगम दाखवतात. गाळ उपसताना तो त्यांनी पाहिलेला असतो. सालबर्डीला महाशिवरात्रीची यात्रा भरते. त्या आठवड्यात आणि नंतरचे काही दिवस नमुने घेऊ नका. पावसाळ्यात वरचं थंड पाणी मिसळतं, म्हणून मुख्य नमुना जानेवारी ते मार्च यांत घ्या आणि दुसरा सप्टेंबरात. या दोघांतला फरकच वरचं पाणी किती मिसळतं ते सांगतो.

प्रत्येक बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळायची. मग बाटल्या अशा:

पहिली ५०० मिलिलिटरची. पाणी गाळून, काठोकाठ भरून, आत हवेचा बुडबुडा न ठेवता झाकण. यात आम्ल घालायचं नाही. क्लोराइड, सल्फेट, फ्लोराइड यांसाठी ही.

दुसरी २५० मिलिलिटरची. आधी गाळायचं आणि मगच नायट्रिक आम्लाचे दहाएक थेंब, म्हणजे पीएच २ च्या खाली जाईल इतके. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांसाठी. न गाळता आम्ल घातलं तर तरंगत्या मातीतलं लोह आणि कॅल्शियम विरघळतं आणि अहवालात मातीच मोजली जाते. आम्ल घातलंच नाही तर दोन दिवसांत बाटलीच्या तळाशी पांढरं पुट बसतं आणि कॅल्शियम कमी निघतं.

तिसरी सिलिकासाठी (वाळूत आणि काचेत असतं ते द्रव्य). ही प्लास्टिकचीच हवी, काच स्वतःच सिलिका सोडते. ज्वालामुखीच्या प्रदेशातल्या उकळत्या झऱ्याचा नमुना असेल तर १० मिलिलिटर पाण्यात ९० मिलिलिटर डिस्टिल्ड पाणी तिथल्या तिथे मिसळावं लागतं, नाहीतर थंड होताना सिलिका जेलीसारखी साकळते. आपल्याकडच्या कोमट-गरम झऱ्यांत सिलिका सहसा इतकी नसते. तरी सवय लावून घ्यावी.

बाटलीवर बॉलपेननं लिहू नका, ओल्या हातानं पुसलं जातं. चिकटपट्टीवर शिसपेन्सिलीनं जागा, तारीख, वेळ, तापमान आणि ‘आम्ल’ किंवा ‘बिनआम्ल’ लिहा. वरून पारदर्शक पट्टी मारा. गाडीच्या डिकीत उन्हात तापू देऊ नका, थर्मासच्या पेटीत बर्फ ठेवा.

जे झऱ्यावरच मोजायचं

तापमान, पीएच, अल्कलता आणि वास या चार गोष्टी घरी नेता येत नाहीत. खोलवरून आलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड दाबाखाली विरघळलेला असतो. बाटली उघडी राहिली की तो निसटतो आणि पीएच चढतो. झऱ्यावर ७.१ असलेलं पाणी नागपूरच्या प्रयोगशाळेत ८ च्या पुढे दिसू शकतं. मग अहवालात ‘पाणी अल्कधर्मी’ असं येतं. चूक प्रयोगशाळेची नसते, आपल्या उशिराची असते.

पीएच मीटर रोज सकाळी बफरनं लावून घ्या. ‘आपोआप तापमान सुधारणा’ असं मीटरवर लिहिलेलं असतं. ती इलेक्ट्रोडच्या प्रतिसादाची सुधारणा असते. पाणी थंड झाल्यावर त्याचा स्वतःचा पीएच बदलतो, तो बदल मीटर परत आणून देत नाही. म्हणून मोजणी वाहत्या गरम पाण्यातच, आणि नोंद तापमानासकट.

अल्कलता अशी काढा. १०० मिलिलिटर गाळलेलं पाणी, मिथिल ऑरेंजचे दोन-तीन थेंब, आणि ब्युरेटमधून ०.०२ नॉर्मल आम्ल थेंबाथेंबानं. पिवळ्याचं नारिंगी झालं की थांबा. लाल झालं म्हणजे पुढे गेलात, पाणी फेकून पुन्हा करा. जितके मिलिलिटर आम्ल लागलं त्याला १० नं गुणलं की अल्कलता मिळते (मिलिग्रॅम प्रतिलिटर, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात). तिला १.२२ नं गुणलं की बायकार्बोनेट. १० मिलिलिटर आम्ल लागलं तर अल्कलता १०० आणि बायकार्बोनेट १२२.

बादली कशाला? पाटाचं पाणी बादलीत घ्या आणि भरायला किती सेकंद लागतात ते पाहा. दहा लिटरला दहा सेकंद म्हणजे सेकंदाला एक लिटर. पाणी विहिरीपेक्षा १५ अंशांनी गरम असेल तर तो झरा सुमारे ६३ किलोवॉट उष्णता बाहेर टाकतो आहे, रात्रंदिवस.

गंधक आहे की नाही

आता दुसरं वाक्य. गरम म्हणजे गंधकाचं, हे समीकरण आपल्याकडे इतकं पक्कं आहे की बिनवासाच्या झऱ्यालाही ते चिकटतं. नाक हे चांगलं साधन आहे. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास दहा लाखांत एका भागापेक्षाही कमी प्रमाणात कळतो. त्यावर लेड अॅसिटेटची ओली पट्टी झऱ्याच्या तोंडाशी पाच मिनिटं धरा. काळपट तपकिरी झाली तर सल्फाइड आहे. पट्टी नसेल तर कुंडात रोज उतरणाऱ्या बायाबापड्यांना विचारा की पायातली जोडवी काळी पडतात का. चांदीवर सल्फाइडचा थर बसतो, चिंचेनं घासला की जातो. जोडवी वर्षानुवर्षं पांढरी राहात असतील तर त्या पाण्यात सांगण्यासारखं सल्फाइड नाही.

आणि सल्फाइड सापडलं तरी ते ज्वालामुखीचं नसतं. प्राणवायू नसलेल्या खोल पाण्यात जिवाणू सल्फेटचं सल्फाइड करतात, सडलेल्या गाळातही तेच होतं. कुंडाचा गाळ कधी उपसला होता, हे विचारून ठेवा.

बुडबुडे

फनेल पाण्याखाली उलटा धरा. त्याच्या नळीवर झऱ्याच्याच पाण्यानं भरलेली बाटली उलटी ठेवा. बुडबुडे आत चढतील, पाणी खाली सरेल. तीन चतुर्थांश भरली की झाकण पाण्याखालीच लावा आणि बाटली उलटीच ठेवून न्या, म्हणजे आतलं उरलेलं पाणी बुचासारखं काम करतं.

गावात जळती काडी नेऊन विझवून दाखवतात आणि ‘विषारी गॅस’ म्हणतात. काडी कार्बन डायऑक्साइडमध्ये विझते तशीच नायट्रोजनमध्येही विझते, त्यातून काहीच ठरत नाही. त्याऐवजी चुन्याची निवळी वापरा. पानाला लावायचा चुना चमचाभर एक लिटर पाण्यात ढवळा, रात्रभर झाकून ठेवा, वरचं नितळ पाणी ओतून घ्या. त्यात थोडा गॅस सोडून हलवा. दुधाळ झालं तर कार्बन डायऑक्साइड आहे. नितळच राहिलं तर बहुधा नायट्रोजन, म्हणजे पावसाच्या पाण्यात विरघळून खाली गेलेली हवाच, जिचा प्राणवायू वाटेत खडकांनी खाऊन टाकला. पश्चिम बंगालमधल्या बक्रेश्वरच्या झऱ्यांत अशा गॅसबरोबर हेलियमही येतो. तो खडकातल्या युरेनियम-थोरियमच्या क्षयातून तयार होतो. हेलियमसाठी प्लास्टिकची बाटली निरुपयोगी, तो भिंतीतूनच निघून जातो. त्याला दोन्ही टोकं चेपून बंद केलेली तांब्याची नळी लागते.

आकडे आल्यावर

अहवाल हातात आला की आधी विद्युतभाराचा ताळा करा, म्हणजे धनभार आणि ऋणभार सारखे येतात का ते पाहा. प्रत्येक आयनाचे (विरघळलेल्या भारित कणाचे) मिलिग्रॅम त्याच्या तुल्यभाराने, म्हणजे आयनाचं वजन भागिले त्याचा विद्युतभार, भागायचे: सोडियम २३, पोटॅशियम ३९.१, कॅल्शियम २०.०४, मॅग्नेशियम १२.१५, बायकार्बोनेट ६१, क्लोराइड ३५.४५, सल्फेट ४८.०३, फ्लोराइड १९.

सरावासाठी एक काल्पनिक पाणी घेऊ (आकडे मिलिग्रॅम प्रतिलिटर). सोडियम १२०, पोटॅशियम ४, कॅल्शियम २०, मॅग्नेशियम २.४, धनभाराची बेरीज ६.५२. बायकार्बोनेट १२२, क्लोराइड १०६, सल्फेट ७२, फ्लोराइड १.९, ऋणभाराची बेरीज ६.५९. दोन्हींतला फरक एकूण बेरजेच्या एक टक्क्याच्याही आत आहे, अहवाल विश्वासाचा. पाच टक्क्यांपलीकडे फरक गेला तर पुढचं गणित करू नका. बहुतेक वेळा अल्कलता उशिरा मोजलेली असते किंवा आम्लाच्या बाटल्यांची अदलाबदल झालेली असते.

आता खालचं तापमान. खाली पाणी जितकं गरम, तितकी जास्त सिलिका त्यात विरघळते आणि आयनांची गुणोत्तरंही बदलतात, त्यावरून ही सूत्रं बसवली आहेत. याच पाण्यात सिलिका ६० मिलिग्रॅम आहे असं धरा. कॅल्सिडोनीचं (सिलिकेच्या अतिबारीक कणांच्या खनिजाचं) सूत्र: १०३२ भागिले (४.६९ वजा सिलिकेचा दहाच्या पायाचा लॉग), त्यातून २७३ वजा. उत्तर सुमारे ८१ अंश. क्वार्ट्झचं सूत्र: १३०९ भागिले (५.१९ वजा तोच लॉग), वजा २७३. उत्तर सुमारे ११०. सोडियम-पोटॅशियमचं: १२१७ भागिले (१.४८३ अधिक त्यांच्या गुणोत्तराचा लॉग), वजा २७३. उत्तर १३८! पोटॅशियम-मॅग्नेशियमचं: ४४१० भागिले (१४ वजा लॉग), वजा २७३, इथे लॉग पोटॅशियमचा वर्ग भागिले मॅग्नेशियम याचा. उत्तर ६२.

चार सूत्रं, चार उत्तरं. नवखा माणूस १३८ उचलतो, कारण तो आकडा छान दिसतो. तो सोडून द्या. सोडियम-पोटॅशियमची देवाणघेवाण खूप गरम पाण्यातच समतोलाला पोचते. थंड पाण्यात ते गुणोत्तर फक्त खडकाचा स्वभाव सांगतं. कमी तापमानाला सिलिका बहुतेक कॅल्सिडोनीशी जुळवून घेते, म्हणून ८१ धरा. ६२ हा वर येताना थंड होत गेलेल्या पाण्याचा माग आहे, कारण मॅग्नेशियम लवकर बदलतं. ८१ मधून जमिनीचे २७ वजा केले तर ५४ अंश उरतात, म्हणजे पाणी साधारण दोन किलोमीटर खाली जाऊन आलं.

खरा ज्वालामुखी कसा ओळखू येतो

जागृत ज्वालामुखीच्या धुराड्यातून निघणाऱ्या वायूत सगळ्यात जास्त वाफ असते, बहुधा नव्वद टक्क्यांच्या आसपास. त्यानंतर कार्बन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, हायड्रोजन सल्फाइड, हायड्रोजन क्लोराइड आणि थोडा हायड्रोजन फ्लोराइड. हा नमुना घ्यायला निर्वात काचेची बाटली लागते. तिच्यात कॉस्टिक सोड्याचं तीव्र द्रावण असतं. न्यूझीलंडचे वर्नर गिगेनबाख यांच्या नावानं ती ओळखली जाते. आम्लधर्मी वायू सोड्यात शोषले जातात, वाफ निवते, आणि वरच्या रिकाम्या जागेत हायड्रोजन, नायट्रोजन, मिथेन, हेलियम असे थोडेच वायू उरतात. म्हणून एरवी मोजता न येणारे अल्प वायूही मोजता येतात.

सल्फर डायऑक्साइड आणि हायड्रोजन क्लोराइड पाण्यात चटकन विरघळतात. वाटेत भूजल असलं की ते तिथेच अडकतात आणि पाणी आम्लधर्मी होतं. म्हणून ज्वालामुखीच्या माथ्याजवळचे झरे २-३ पीएचचे, सल्फेटनं भरलेले असतात. खोल पाण्याचे क्लोराइडवाले. आणि दूर पायथ्याचे बायकार्बोनेटवाले. क्लोराइड, सल्फेट आणि बायकार्बोनेट यांचा त्रिकोणी आलेख काढतात तो यासाठीच.

वायूवरून उद्रेकाचा अंदाज बांधतात, पण त्यातही फसगत आहे. फिलिपाइन्समधल्या पिनाटुबोवर १३ मे १९९१ ला दिवसाला सुमारे ५०० टन सल्फर डायऑक्साइड निघत होता. २८ मे पर्यंत तो ५००० टनांवर गेला, मग जूनच्या सुरुवातीला एकदम घटला. वाट बुजली होती, दाब आत वाढत होता. मोठा उद्रेक १५ जूनला झाला.

जिवाची काळजी

कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा दीडपट जड असतो, खोलगट जागी साचतो. कॅमेरूनमधल्या न्योस सरोवरातून १९८६ मध्ये तो एका रात्रीत बाहेर पडला आणि सुमारे १७०० माणसं झोपेतच गेली. आपल्याकडे तो धोका जुन्या विहिरीत असतो. कंदील सोडून पाहण्याची रीत प्राणवायू कमी असल्याचं सांगते, पण हायड्रोजन सल्फाइडबद्दल काहीच सांगत नाही. दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास नाकच बधिर होतं, वास ‘गेला’ असं वाटतं. वास येता येता बंद झाला तर वर या. गॅस मीटर आणि वर दोर धरणारा माणूस नसेल तर उतरू नका. आतला माणूस कोसळला तर त्याच्यामागे दुसऱ्यानं उडी घेऊ नये.

गावाला काय सांगायचं

अहवालातली फ्लोराइडची ओळ सरपंचांना सगळ्यात आधी दाखवा. गरम, किंचित अल्कधर्मी आणि कॅल्शियम कमी असलेलं पाणी खडकातून फ्लोराइड ओढून घेतं. कॅल्शियम भरपूर असतं तर ते फ्लोराइडला बांधून खाली बसवतं. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांत साध्या बोअरच्या पाण्यातही हा प्रश्न आहे. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा पर्याय नसेल तर १.५ पर्यंत, असं भारतीय मानक सांगतं. आपल्या सरावाच्या पाण्यात ते १.९ होतं. अंघोळीला त्यानं काही बिघडत नाही. पण औषधी म्हणून लोक कॅन भरभरून घरी नेतात आणि लेकरांना रोज पाजतात. उकळल्यानं फ्लोराइड जात नाही, पाणी आटतं तसं ते उलट दाट होतं. तो कॅन अंघोळीच्या बादलीतच ओतायला सांगा, आणि कुंडाजवळच्या हातपंपाचंही पाणी याच फेरीत तपासून घ्या.